कायम बंद

फ्रीझरच्या तळाशी, उणे ऐंशीत,
एका डबीवर मुरिएल हेब्डनबाईंचं बारीक अक्षर :
'१७-ब. दार कायम बंद. ऑगस्ट ८७'
आणि शेवटी पेन्सिलीचं टिंब, जोर देऊन,
हिशेबाच्या वहीत खाली रेघ मारावी तसं.

बाई आता चौऱ्याहत्तरच्या.
दर मंगळवारी सहासष्ट नंबरच्या बसनं येतात,
तळ्याकाठच्या राखी हंसांना शिव्या घालत,
माझ्या टेबलाशी बसतात
आणि एका प्रथिनाबद्दल बोलतात.
एकाच. पस्तीस वर्षं.
माझ्या आईनं फोनवर विचारलं, "आणि पगार मिळायचा?"

तर हे प्रथिन म्हणजे जिवाणूच्या कातडीतलं दार.
एक कवाड आत, एक बाहेर,
दोन्ही एकदम उघडायची नाहीत, एवढाच नियम.
नाहीतर घरातलं सगळं वाहून जाईल,
मीठ, चूल, साठवलेलं बळ.
दुधातली साखर येते ती एका प्रोटॉनचं बोट धरून.
तो उताराला लागलेला, ही चढाला,
त्याच्या घाईवर हिचा प्रवास फुकटात.
आत पोचली की तिचे दोन तुकडे,
तुकड्यांवर पंगत, पंगतीतून पिढ्या.
आईच्या विरजणात रात्रभर जवळपास हेच चालतं,
तिथे कुणी प्रबंध लिहीत नाही, इतकंच.

१७-ब मध्ये बाईंनी बिजागरीचा एक खिळा बदलला,
चारशे सतरा खिळ्यांतला एक.
ताटलीत वसाहती उगवल्या, पांढऱ्याफटक.
साखर पोटात गेली असती तर लाल झाल्या असत्या.
अठ्ठेचाळीस तासांनी बाईंनी मोजल्या,
ताटल्या वाफेच्या भट्टीत टाकल्या
आणि निबंध छापला.

या फेब्रुवारीत ऊज नदी चढली.
यॉर्कात त्याचं कुणाला फारसं नाही.
घाटावरचा पबवाला दाराच्या खाचेत फळी सरकवतो,
गिऱ्हाईक फळी ओलांडून आत, नदी बाहेर.
माझी गल्ली मात्र बुडाली, बस बंद,
आणि मी तीन दिवस वरच्या मजल्यावर
शेजारच्या डेरेकच्या मांजरासोबत बिस्किटं मोजत.
ताटल्या उबवणीत राहिल्या. विसरलेच होते.

शुक्रवारी फेकायला म्हणून उचलल्या
तर पांढऱ्या ठिपक्यांवर लाल पुळ्या.
मोजल्या. अकरा.
दुसरं काही उगवलं असेल म्हणून पुन्हा रेषा ओढल्या,
पुन्हा लाल.

अनुक्रम वाचून आला तेव्हा कळलं :
बिजागरी तशीच मोडकी.
पण तिच्यापासून लांब, पार दुसऱ्या भिंतीत,
एक वीट सैल झाली होती,
आणि दार अडखळत, करकरत,
शंभरांतून सात वेळा उघडत होतं.
कुणी सैल केली? कुणीच नाही.
नक्कल उतरवताना झालेली चूक, आणि भूक,
आणि भट्टीत न गेलेले तीन दिवस.

मंगळवारसाठी मी दोन वाक्यं पाठ केली होती.
एकही म्हणावं लागलं नाही.
बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला,
ताटली खिडकीच्या उजेडात धरली.
"म्हणजे सदतीस वर्षं," त्या म्हणाल्या,
"मी तीन दिवस लवकर घरी गेलेली आहे."
हसल्या नाहीत. मग हसल्या.
मग, ताटली खाली न ठेवताच,
"त्या ऑगस्टात रॉनल्ड इस्पितळात होता.
सहाला भेटीची वेळ संपायची."

बाहेर हंस कुणाच्या तरी डब्यावर तुटून पडले होते.

त्यांनी डबी मागितली. अंगठ्यानं बर्फ पुसला.
'कायम'वर काट मारली,
'बंद' राहू दिलं,
टिंबापाशी पेन्सिल जरा घुटमळली.
"आत ठेव आता," डबी माझ्या हातात देत म्हणाल्या,
"वितळतील."